काळी कडी

१० फेब्रुवारी, मंगळवार

लंबू अजून शुद्धीवर नाही. घशात नळी, डोक्याला पट्ट्या, डावा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये. नर्स म्हणाली, "आम्हीच झोपवून ठेवलंय त्यांना. मेंदूवरची सूज उतरेपर्यंत." पलंग त्याला पुरत नाही. चांगला पाय बाहेर आलाय, कोणीतरी त्याखाली स्टूल सरकवलंय.

वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. खाली कँटीनमध्ये चहा घेतला, बिस्किट बुडवलं, ते तुटून तळाला गेलं, चमच्यानं काढून खाल्लं. मग दुकानात जाऊन संध्याकाळपर्यंत काम केलं. एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर घुबड गोंदलं. चांगलं जमलं घुबड!

रविवारचं इथं लिहून ठेवते. डोक्यात नुसतं गरगरतंय.

आम्ही नऊ जण, नऊ मोटारसायकली. रविवारी कुठंतरी लांब जायचं, परत यायचं. एवढ्यासाठी आई आम्हाला 'टोळी' म्हणते, दुकानाशेजारचा शिंपी 'ती मंडळी' म्हणतो. आम्ही म्हणतो साखळी. प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला गाडीच्या चेनची एक कडी गोंदलेली. नऊही मी गोंदल्यात — माझी स्वतःची धरून.

जोडीनं चालवायचं हा नियम. पुढच्यानं आरशात मागच्याला बघत राहायचं. दिसेनासा झाला की वळायचं. पडला असेल तर दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्याच्याजवळून हलायचं नाही. बाकीचे नियम मोडले तर गॅरेजवाले काका चार शिव्या घालतात आणि विसरतात. हा मोडला तर कडी जाते. असं नुसतं म्हणायचो आम्ही. वेळ कधी आली नव्हती.

रविवारी डोंगरातून उतरताना धुकं होतं. सगळ्यात मागची जोडी ताई आणि लंबू. ताई पुढे, तो मागे. आम्ही खाली पेट्रोल पंपावर थांबलो. आमच्यातले मास्तर म्हणाले, "चहाला रेंगाळले असतील." मग काकांना दवाखान्यातून फोन. लंबू वळणावर घसरून दगडावर आपटला होता. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी सांगितलं, जखमी रस्त्याकडेला एकटाच होता. डोक्याखाली जॅकेट, गाडी उचलून बाजूला लावलेली. फोन केला होता एका बाईनं. नंबर ताईचा.

म्हणजे ती थांबली. गाडी उचलली, जॅकेट ठेवलं, फोन केला. आणि पंपावर न येता, दुसऱ्याच वाटेनं निघून गेली!

माझी सख्खी ताई.


११ फेब्रुवारी

फोन तिनं उचलला शेवटी. "लंबू कसा आहे?" हेच पहिलं. सांगितलं. "बोलेल कधी?" मी म्हटलं, "डॉक्टरांना विचार." तिच्या मागे कारखान्यातल्या मशीनांचा खडखडाट — दिवसभर तीच मशीनं दुरुस्त करते ती, त्यामुळे फोनवर ओरडून बोलायची सवय. आज ओरडत नव्हती.

वाटलं, आता सांगेल. म्हणाली, "आईच्या गुडघ्याचं तेल संपलंय. येताना घेशील?"

घेईन म्हटलं.

मी कशाला विचारू? ज्यानं केलं त्यानं बोलावं. लहानपणी शाईची बाटली कोणी सांडली हे विचारायलासुद्धा मीच जायचे.


१२ फेब्रुवारी

सकाळी एक मुलगी आली. मित्राचं नाव हवं, गळ्याच्या खाली, मोठ्या अक्षरात. ओळख किती दिवसांची? तर लाजली. तिला सांगितलं, बाई गं, आधी आडनाव तरी माहीत करून घे त्याचं. रागावून गेली. बरं झालं. गिऱ्हाईक गेलं पण गळा वाचला.

दुपार मोकळी. ट्रेसिंगचे कागद नीट लावत बसले. साखळीत नवीन माणूस आला की त्याची कडी कागदावरून काढायची नाही, आधीच्या माणसाच्या हातावरूनच छापून घ्यायची. त्यामुळे आमचे हात शेजारी ठेवले की कड्या एकमेकींत बसतात. ही माझीच युक्ती. आणि त्यातली गंमत फक्त मला आणि ताईला माहीत. पहिली कडी ताईच्या हातावर काढली तेव्हा मी शिकाऊ होते. याआधी सुई चालवली होती ती फक्त डाळिंबाच्या सालीवर! कोणी हात द्यायला तयार नव्हतं. ताईनं बाही वर केली, म्हणाली, "घे. माझा हात काय, कुठं मिरवायचाय मला?" माझा हात कापला आणि कडीची उजवी बाजू जराशी बसकी आली. मग तिच्यावरून काकांना, काकांवरून मास्तरांना... सगळ्यांच्याच कडीची उजवी बाजू बसकी. लोकांना वाटतं, मुद्दाम आहे. मास्तर तर नव्या माणसाला त्याचा अर्थही समजावून सांगतात!

लंबूची कडी मला जास्त आठवते. तो खुर्चीत मावत नव्हता, जमिनीवर बसून गोंदवून घेतलं. सुई लागली की विनोद सांगायचा. सगळे वाईट विनोद.

लंबू मला आवडतो. आता लिहिलंच आहे तर असू दे. त्याला कधी बोलले नाही. तोही बोलला नाही. बुधवारी दुकानात येऊन पेपर वाचत बसतो आणि कोडं अर्धवट सोडून जातो, एवढंच आमचं. त्याचा घटस्फोट झालाय, एक लहान मुलगी आहे, ती आईकडे असते. यापुढे त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही खोदलं नाही.


१३ फेब्रुवारी

लंबू तसाच. स्टूल कोणीतरी नेलं. पाय लटकतोय. मी दुसरं आणून ठेवलं.


१५ फेब्रुवारी, रविवार

आज गाड्या काढल्या नाहीत. काकांच्या गॅरेजमध्ये बसलो. काका आमच्यात वयानं मोठे, त्यांच्याच गॅरेजमध्ये साखळी सुरू झाली. त्यांनी एका गाडीचं इंजिन उघडून ठेवलं होतं, ते मध्ये, आम्ही भोवती डब्यांवर. ताई दाराजवळ उभी. बस म्हटलं तरी बसली नाही.

मास्तरच बोलले. शाळेत शिकवतात, बोलायचं काम त्यांच्याकडेच येतं. "ती थांबली नसती तर समजू शकलो असतो. धुकं होतं, दिसलं नसेल. पण ती थांबली. बघितलं. आणि गेली. हे जास्त वाईट." कोणी मान हलवली नाही, पण कोणी वरही बघितलं नाही.

आमच्यात सफाई द्यायची नसते. पहिल्यापासूनचं आहे. काकांचं म्हणणं, चुकलेला माणूस वकील होतो आणि वकिलांना गाडी चालवता येत नाही! तेव्हा हसलो होतो सगळे. ज्याच्यावर आळ आहे त्यानं गप्प राहायचं. त्याच्या वतीनं बोलायचं ते गोंदणाऱ्यानं. ज्या हातानं कडी दिली तो हात जामीन. तो मुदत मागू शकतो, चौकशी मागू शकतो, "ही अशी नाही" एवढं म्हणाला तरी पुरतं. माझ्यासाठीच केलेला नियम म्हणायचा, कारण गोंदणारी मी एकटीच.

काकांनी हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "तुझं काही म्हणणं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ताईसुद्धा. मी इंजिनाकडे बघत होते. एक नट तेलात पडला होता, तो चमकत होता. मनात काही म्हणजे काही आलं नाही. राग नाही, दया नाही. लंबूचा लटकलेला पाय तेवढा दिसला.

म्हटलं, "नाही."

काका बराच वेळ थांबले. मला वाटतं, ते मला अजून एक संधी देत होते. मग म्हणाले, "मग कडी काळी करायची. ज्या हातानं दिली, त्याच हातानं. पुढच्या रविवारच्या आत."

ताई म्हणाली, "बुधवारी सुट्टी आहे मला." जशी काही दातांच्या डॉक्टरची वेळ घेतेय.


१६ फेब्रुवारी

आईला कसं कळलं कोण जाणे. मास्तरांची बायको बाजारात भेटली असणार. तेलाची बाटली हातात दिली तर म्हणाली, "आधी हात रंगवायचे, मग तेच हात काळे करायचे. तुम्हा दोघींना मी पाटी म्हणून जन्माला घातलं का गं?"

ती गुडघा चोळत राहिली.

"आणि तू! बहीण आहे ती तुझी."

"म्हणून काय? पडलेल्या माणसाला टाकून गेली ती."

"लहानपणापासून अशाच तुम्ही. दोघींची अळीमिळी गुपचिळी! एकीचं पोट दुखायचं आणि दुसरी तोंड फुगवून बसायची. मधल्यामध्ये माझं डोकं फिरायचं."

तिची पाठ चोळून दिली आणि निघाले. जेवून जा म्हणाली. भूक नव्हती. भूक नसते हल्ली, वेळ झाली की खाते.


१८ फेब्रुवारी, बुधवार

झालं.

दुकानाला बंदची पाटी लावली. साखळीतलं कोणी आलं नाही, येतही नाहीत म्हणे अशा वेळी. 'म्हणे' काय, पहिलीच वेळ आहे ही.

ताई वेळेवर आली. आंघोळ करून, केस बांधून. मी हात धुतले, मोजे घातले, तिचा हात साबणाच्या पाण्यानं पुसला. नुसती कडी काळी करून भागत नाही, खालचा आकार कळतो. मनगटापासून कोपरापर्यंत आतली सगळी बाजू भरायची. खाली काय होतं ते कोणाला ओळखू येता कामा नये. रुंद सुई लावली. शाईच्या टोपणाएवढ्या वाट्या ओळीनं मांडल्या, सगळ्या काळ्या. कधीच एवढी काळी एकदम ओतली नव्हती.

खुर्चीचा हात तुटलाय गेल्या आठवड्यापासून. म्हणून मीच खाली बसले आणि तिचा हात मांडीवर घेतला, टॉवेल टाकून. पहिल्या वेळीही असंच बसलो होतो, तेव्हा खुर्चीच नव्हती.

मला एकच विचारावंसं वाटलं ते विचारलं — "बधिर करायचं मलम लावू?" नियमात नाही. पण कोण बघतंय?

"नको," ताई म्हणाली. "तू कर तुझं."

सुरू केलं. कातडी ताणायची, बारीक बारीक गोलात सुई फिरवायची, पुसायचं, पुन्हा. एका जागी जास्त थांबलं की कातडी चिघळते. मला हे काम येतं. मी नुसतं काम केलं. मशीनचा आवाज कानात भरून राहिला आणि दुसरं काही ऐकू येत नव्हतं, ते बरं वाटत होतं. कोपराच्या आत पोचले तेव्हा तिचा अंगठा थरथरायला लागला. तिथं सगळ्यात जास्त दुखतं. तोंडातून चकार शब्द नाही. मी शाई पुसत होते, लस पुसत होते, रक्त पुसत होते, कागदांचा ढीग झाला पायाशी.

कडी मी शेवटी ठेवली होती. चारी बाजूंनी काळं झालं आणि मध्ये ती एकटी राहिली, बसक्या बाजूची. माझं पहिलं काम. थांबले क्षणभर. सुईत शाई घ्यायला थांबले असं दाखवलं.

ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ते जाणवत होतं, सगळा वेळ जाणवत होतं. वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तर हात हलला असता, आणि हात हललेला चालत नाही. असं मी मनाशी म्हणाले.

मग तीही भरली.

धुतलं, मलम लावलं, प्लास्टिक गुंडाळलं. सवयीनं सूचना दिल्या — ऊन नको, खाजवायचं नाही, सुकलं की शाईचा दुसरा हात द्यावा लागेल. ती मान हलवत होती, नव्या गिऱ्हाइकासारखी. बाही खाली करताना म्हणाली, "चांगलं केलंयस. एकसारखं झालंय."

दारात थांबली जरा. मी मशीन साफ करत होते. मग गेली.

काही वाटलं नाही. हे खरं लिहितेय. वाटायला हवं होतं हे कळत होतं, पण वाटलं नाही. कागद गोळा केले, फरशी पुसली, घरी येऊन भात केला.


१९ फेब्रुवारी

मांडीवर काळा डाग पडलाय. टॉवेलमधून शाई झिरपली असेल. साबणानं गेला नाही.


२२ फेब्रुवारी, रविवार

गाड्या काढल्या. सात. माझ्या मागे मास्तर. आरशात त्यांचा दिवा बघत चालवलं. परत येताना पंपावर काका म्हणाले, "यापुढे पहिली कडी माझी धरायची." मी हो म्हटलं. कोणी ताईचं नाव काढलं नाही. तिच्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलं नव्हतं, पण सगळ्यांनीच मिठाची गुळणी धरली होती. मीही.

चांगला रस्ता होता. हवा चांगली होती. घरी येऊन झोपले, सरळ सकाळपर्यंत.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

लंबू बोलला!

सकाळी नर्सचा फोन, नळी काढली म्हणून. दुकान तसंच टाकून धावले. खूप वाळलाय. डोळे उघडे. मला बघून ओठ हलले, आवाज नाही. पाणी चमच्यानं पाजलं. वाटलं, आता रडणार मी, चला, सुटले एकदाची.

तो म्हणाला, "पोरगी... पोचली का घरी?"

मला वाटलं, भ्रमात आहे. नर्सही म्हणाली, "असं बडबडतात सुरुवातीला." मी त्याचा हात धरला, "हो, हो, सगळं ठीक आहे," म्हटलं.

"ताईनं सोडलं ना तिला? क्लासवरून?"

मी हात सोडला.

थांबत थांबत सांगितलं त्यानं. मध्येच दमायचा, डोळे मिटायचा, मी उभीच होते. रविवार त्याचा असतो. कोर्टानं दिलेला, महिन्यातला एक. त्या रविवारी पोरीला चित्रकलेच्या क्लासला सोडून तो आमच्याबरोबर आला होता. वाटलं होतं, सुटायच्या आत परतेन. पडला तेव्हा शुद्ध होती. ताईनं अॅम्ब्युलन्सला फोन केला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "मी म्हटलं तिला, जा. ते येताहेत, मला काही होत नाही. पोरगी फाटकात एकटी उभी असेल. ती जाईना. म्हणे, पडलेल्याला सोडून जायचं नसतं आमच्यात. तिला म्हटलं, मी मोठा आहे, ती सात वर्षांची आहे. मग गेली."

जरा वेळानं म्हणाला, "कुणालाही सांगू नको म्हटलं होतं. पोरीला सोडून मी गाडी उडवत होतो हे तिच्या आईला कळलं, तर गेले माझे रविवार. सांगितलं नाही ना तिनं?"

"नाही," मी म्हटलं. "कोणाला नाही."

"भली आहे ताई." डोळे मिटले. "कुठंय? आली नाही ती?"

म्हटलं, येईल.

बाहेर येऊन काकांना फोन लावला, सगळं सांगितलं, एका दमात, मुलीचंसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता काय, पोरी. काळ्यावर काही चढत नाही." मला माहीत आहे. मला सांगायला नको होतं त्यांनी.

जिन्यात बसले. माणसं वर जात होती, खाली येत होती.


२५ फेब्रुवारी

ताईला फोन केला. म्हटलं, मला तरी सांगायचंस! निदान मला!

मशीनांचा खडखडाट लांब गेला, ती बाहेर आली असावी. मग म्हणाली, "बाकीच्यांना नसतंच सांगितलं. तुला सांगितलं असतं गं. दुपारभर माझा हात तुझ्या मांडीवर होता. मला वाटत होतं, आता विचारशील, आता विचारशील."